ते पोर कोणाचं, सुजाता?

सुजाता,

तू जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, नणंद ती नणंदच. म्हणू देत. गोड बोलणारे तुझ्या पुण्यानुमोदनाला पुष्कळ होते. तुझ्या शाळेतल्या मॅडम बोलल्या, महिला मंडळाच्या अध्यक्षबाई बोलल्या, नागपूरहून आलेले ते प्राध्यापकही बोलले. तू शांत होतीस, सोशिक होतीस, जन्मात कुणाला दुखवलं नाहीस, असं सगळं. मी मांडवात बसून विचार करत होते, ही कोण बाई? मला माहीत असलेली सुजाता चहा पांचट झाला तर कप तसाच परत पाठवायची. आणि तुझं पुस्तक आल्यापासून आपलं एका पोरावरून जे वाजलं होतं, ते काही केल्या मिटत नव्हतं.

दवाखान्यात मिटलं असं मला वाटलं होतं. त्यावर मी येतेच.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मला तुझा हेवा वाटायचा. तू लेखिका झालीस म्हणून नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले, पण तेही खोटंच. लेखिका झालीस म्हणूनही वाटायचा. मी आरोग्यसेविका म्हणून जंगलातल्या गावागावांत फिरले, महिला मेळाव्यांसाठी गाणी रचली, लोहाच्या गोळ्यांवरसुद्धा गाणं रचलं. बाया टाळ्या वाजवायच्या, घरी जाताना गाणं विसरायच्या. तुझं पुस्तक मात्र नागपूरच्या दुकानात काचेमागे उभं राहिलं. मी मुद्दाम त्या दुकानावरून गेले आणि आत न जाता पुढे निघाले. पण हा वरवरचा हेवा झाला. आतला त्याच्या फार आधीचा. तुला माझी आई मिळाली, त्याचा.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी दरेकशाकडे, जंगलपट्ट्यात नोकरीला होते. आठवड्याला एक सुट्टी. सकाळची गाडी धरून गोंदियाला यायचं, तिथून तिरोड्याची गाडी, तिथून काळीपिवळी जीप, आणि ती चोरखमाऱ्याच्या कालव्याशी सोडणार. तिथून पायी. हातात मोसंबी आणि खांद्याच्या पिशवीत बीपीचं मशीन. दारात पाऊल टाकलं की आईला गुडघे आठवायचे. मग कंबर, मग डाव्या हाताला येणाऱ्या मुंग्या. मी नर्स ना. मी तिचा बीपी बघायची, मिठावरून बोलायची, गोळ्यांची पाकिटं लावून द्यायची, आणि उन्हं कलायच्या आत परतीला लागायची. ज्या दिवशी मी जायची त्या दिवशी माझी आई पेशंट असायची.

बाकीचे सगळे दिवस तुझे होते. तू शाळेतून यायचीस, अंगणात बसून तिच्या केसांना तेल लावायचीस, आणि ती बोलायची. मला दुखणी आणि तुला गोष्टी, अशी वाटणी झाली होती. ती कुणी केली हे मला अजून कळलेलं नाही.

किती गोष्टी दिल्या तिनं तुला, ते मला पुस्तकातूनच कळलं. आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी पुस्तक आलं. मी दार लावून एका बैठकीत वाचलं. एका पानावर तू लिहिलं होतंस की ती बाई कामात असली की तोंड मिटून गुणगुणते. मी तिथेच थांबले. आईला मी गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मिलिंदला फोन लावला. तुझा नवरा असला तरी भाऊ माझा, तो खरं सांगणार. विचारलं, "माय गुणगुणायची का रे?" तो म्हणाला, "हो व ताई, कायम. तुले माहीत नाही?" मी म्हटलं माहीत आहे, असंच विचारलं.

त्या दिवसापासून मी तुझ्या पुस्तकात चुका शोधायला लागले. सापडली तीही साधीसुधी नव्हती.

तू लिहिलंस ते असं. आमची आई, भागरता, तेव्हा विशीतली. टोलीतल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती. देव घरातून गेले होते, पण पोट होतंच, आणि पोटासाठी मालगुजाराच्याच बांध्यांत, धानाच्या खाचरांत रोवणीला जावं लागायचं. बाया ओळीनं वाकायच्या, हातात धानाच्या पऱ्ह्यांची पेंढी, आणि एकेक पाऊल मागे सरत चिखलात रोपं लावत जायच्या. एकेकीच्या वाट्याला एक पट्टी. तिला पात म्हणतात. तान्ही पोरं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. मालकाचा दंडक असा की पोर रडलं तरी पात पुरी झाल्याशिवाय आईनं बांधीबाहेर पाय टाकायचा नाही. दिवाणजी छत्री घेऊन त्यासाठीच उभा असायचा.

एका रोवणीत एक पोर रडायला लागलं आणि आमची आई कंबर सरळ करून उभी राहिली. तिची शेजारीण उभी राहिली. मग तिच्या पलीकडची. बघता बघता सगळी ओळ ताठ. पेंढ्या पाण्यावर पडून राहिल्या. दिवाणजीनं शिव्या दिल्या, कुणी उलट बोललं नाही आणि कुणी वाकलंही नाही. पोर पिऊन शांत झालं, त्याची आई परत चिखलात उतरली, तेव्हा सगळ्या एकदम वाकल्या. मग ती रीतच पडली. पोर रडलं की ओळ उभी. उपटलेले पऱ्हे ताटकळत ठेवता येत नाहीत, ते मरतात. मालगुजाराला हे कुणी समजावायची गरज नव्हती. पुढच्या रोवणीला त्यानंच दिवाणजीला सांगितलं की लेकुरवाळ्यांना जाऊ दे.

हे कुठल्या कागदावर नाही. मोर्चा नाही, निवेदन नाही, घोषणा नाही. गावात एवढंच म्हणायचे की भागरतानं ओळ उभी केली होती. मी लहानपणापासून ते वाक्य ऐकत आले आणि कधी खोलात गेले नाही. तू गेलीस. तू त्याचं पुस्तक केलंस, आणि चांगलं केलंस. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आता लिहिते आहे. ती ओळ उभी राहते ते पान वाचताना माझी स्वतःची कंबर ताठ झाली होती.

पण ते रडणारं पोर. ते तू नायिकेचं स्वतःचं केलंस, आणि मुलगा केलंस.

मला ते सहन झालं नाही. बुद्धपौर्णिमेला घरी आले होते, खीर झाली, मिलिंद पाहुण्यांना सोडायला गेला, आणि मी विषय काढला. मी म्हटलं, पहिली मी. मिलिंद झाला तोवर बाबा रेल्वेत गँगमन लागले होते, आई रोवणीला जात नव्हती. म्हणजे धुऱ्यावरच्या झोळीत कोण असणार? मीच असणार. तुला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तू हसलीस. नेहमीसारखं हिंदी मिसळून म्हणालीस, "ताई, छोड दो ना. कादंबरी आहे ती. बायांचा इतिहास कुणी लिहून ठेवला असता तर मला कादंबरी लिहावी लागली असती का? जिथं काहीच सापडत नाही तिथं माझं थोडं घालावं लागतं."

"तुझं घाल ना," मी म्हटलं. "माझं काऊन काढलंस?"

भात बघते म्हणून आत गेलीस. भात तर केव्हाच झालेला होता. मला वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही. नागपूरच्या दुकानात मांडलेलं बायांच्या हक्काचं पुस्तक, आणि त्यात रडायचा हक्कसुद्धा मुलालाच. हे वाक्य मी नंतर पुष्कळ जणींना ऐकवलं. तुझ्यापर्यंत पोचलं असणारच. गोंदियात काही लपून राहत नाही.

तूही मला सोडलं नाहीस, ते बरं केलंस. बाबा गेल्यावर मी शेतीचा हक्कसोड लिहून दिला होता. बाबांनी आयुष्यभर रुळावर हातोडा मारून कालव्याखालची ती बांधी घेतली होती, आणि मी एका सहीत माझा वाटा भावाला देऊन आले. सगळ्याच बहिणी देतात. आमच्याकडे भावाकडून लुगडं घेणारी बहीण चांगली आणि वाटा मागणारी वाईट. तू तेव्हा नवीन होतीस, तरी मिलिंदशी कितीतरी दिवस धड बोलली नाहीस. मला तर तहसिलीच्या पायऱ्यांवरच गाठलंस. "ताई, आपने साइन काय को कर दिया?" मग रागानं मराठीत म्हणालीस, "आईंनी चिखलात उभं राहून मागितलं, आणि तुम्ही खुर्चीत बसून सोडून दिलं."

भाऊ तुटू नये म्हणून, असं मी म्हटलं. ते उत्तर नव्हतं हे दोघींना कळलं. तू नंतरही मागे लागलीस, की मी मिलिंदकडून परत तुमच्या नावावर करून घेते. मी नको म्हटलं, ताठ्यानं म्हटलं. आज सांगते, मला जमीन खरंच नको होती. तू जे परत देऊ शकत होतीस असं मला वाटायचं ते वेगळंच होतं. अंगणातल्या त्या संध्याकाळी मला पाहिजे होत्या. त्या मागायला कुठलं ऑफिस नसतं.

मग तुझे सत्कार सुरू झाले. कॉलेजातल्या पोरी बस करून गाव बघायला आल्या. पेपरवाला आला आणि त्यानं तुझा फोटो आपल्या बांधीच्या धुऱ्यावर काढला. मी तिथेच होते. मी त्याला म्हटलं, भाऊ, ही ती बांधी नाही, ती कालव्याच्या पलीकडे आहे, आता तिथं राइस मिल आहे. तो म्हणाला, काकू, पाहणाऱ्यांना काय कळणार. तू माझ्याकडे पाहिलंस आणि त्याला म्हणालीस, "ताई म्हणतात ते खरं आहे, तिकडे चला." फोटोत तू राइस मिलच्या भिंतीसमोर उभी आहेस. वाईट आला फोटो. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

आणि ते प्राध्यापक, जे पुण्यानुमोदनाला तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले, त्यांनी गोंदियातल्या कार्यक्रमात काय विचारलं होतं ते मी विसरले नाही. ते म्हणाले, सगळ्याच बायांची पोरं रडत होती, मग हीच पहिली का उभी राहते? नायिकेच्या बंडाचं कारण पुरेसं पटत नाही. तू माइक हातात घेतलास आणि म्हणालीस, "माझी लेखणी कमी पडली असेल, सर." एवढंच. मी दुसऱ्या रांगेत होते. घरी जाताना गाडीत मी खुशीत होते. मनात म्हटलं, बघ, कारण तुझ्याकडे नाही, कारण माझ्याकडे आहे. मुलगी असती झोळीत तर पटलं असतं. पहिली लेक, जिच्यासाठी आई उभी राहिली. तू मला काढलंस आणि पुस्तक तिथंच लंगडं झालं.

आता दवाखाना. तुझं दुखणं इतकं धावत आलं की कुणाला सावरायला वेळ मिळाला नाही. मी येऊन राहिले, ते माझं कामच. तुझी कूस बदलायची, तोंड पुसायचं, सलाइनवर नजर ठेवायची. तू इतकी हलकी झाली होतीस की मला एकटीला उचलता यायचीस. तरीही मी तो विषय काढला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुसऱ्या आवृत्तीचं चाललं होतं, प्रकाशकाचा फोन आला होता, आणि मी म्हटलं, "आता तरी दुरुस्त कर."

तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "करते, ताई. मुलगी करते. मिलिंदला सांगून ठेवते." आणि खरंच संध्याकाळी तो आला तेव्हा माझ्यासमोर त्याला सांगितलंस. मी मोसंबी सोलायला घेतली. तू बराच वेळ माझ्याकडे बघत होतीस. ते थकव्याचं बघणं आहे असं मी धरून चालले. बाईच्या चेहऱ्यावरचं दुखणं वाचायची मला इतक्या वर्षांची सवय, आणि मी ते थकव्यात काढलं.

म्हणून पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजींचं झाल्यावर, सगळे बोलून झाल्यावर मीही उठले. सगळ्यांसमोर सांगितलं की सुजातानं आमच्या आईवर पुस्तक लिहिलं, फार मोठं काम केलं. आणि सांगितलं की त्यातलं ते रडणारं पोर म्हणजे मी, ती चूक होती, सुजातानं जाताना मान्य केली, नव्या आवृत्तीत दुरुस्त होणार आहे. लोकांनी माना डोलावल्या. मिलिंद खाली बघत होता. मी जागेवर येऊन बसले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी जेवणाच्या वेळी सगळ्यांना आग्रह करत फिरले.

सायत्राबाईनं मला तिथं धरलं. त्या ओळीतली आता ती एकटी उरली आहे. काठी टेकत आली, मला मांडवाच्या मागे, हंडे घासत होते तिकडे नेलं आणि खाली बसवलं. मला वाटलं, कौतुक करणार.

"शकू," ती म्हणाली, "गेलेल्या बाईवर तू खोटेपणाचा डाग कायले लावून राहिली व?"

मी म्हटलं, कोणता डाग? जे होतं ते सांगितलं. धुऱ्यावर मी होते.

"तू नव्हती. तू तवा झालीच नव्हती." मग तिनं काठी उचलून मांडवाकडे रोखली. तिकडे तिचा हिरामन खुर्च्या एकावर एक रचत होता. आपला हिरामनदादा, तिरोड्यात ऑटो चालवायचा तो, आता ढेरी सुटलेला, नातवंडांचा आजा. "ते पोर माहं होतं. तो रडत होता. मी वाकूनच होती, भेवानं. तुही माय उभी झाली. म्हने, सायत्रा, तू जाय. तू येतवरी इथं कोनी वाकत नाही."

म्हणजे मुलगाच होता, सुजाता. तुझ्या अख्ख्या पुस्तकात मी जी एक खोटी गोष्ट धरून बसले होते, ती खरी होती.

मी सायत्राबाईला विचारलं, आणि विचारताना माझ्या आवाजात ते प्राध्यापक होते, की मग माय का उभी झाली? दुसरीच्या पोरासाठी? तिला तर तेव्हा मूलच नव्हतं ना?

सायत्राबाईनं हंडे घासणाऱ्या बायांकडे पाहिलं. "होतं," ती म्हणाली. "आदल्या रोवनीत होतं. पोरगी होती. तापात होती. झोरीत रडून राहिली होती, अन् हिची पात पुरी होयेपर्यंत दिवानजीनं हिले सोडलन नाही. मंग पोरगी गप पडली. हिले वाटलं, झोपली."

तिनं पुढे काही सांगितलं नाही. मी नर्स आहे. पुढचं मला माहीत होतं.

गरोदर बाई समोर आली की आमचा पहिला प्रश्न असतो, बाई, कितवी खेप? आधीची किती, जगली किती, गेली किती. पाड्यापाड्यांवर मी तो विचारला. लाजणाऱ्यांना विचारला, खोटं सांगणाऱ्यांकडून खरं काढून घेतलं. माझ्या आईला मी तो कधी विचारला नाही. तिला मी मिठाबद्दल विचारलं.

मग सायत्राबाईनं तुझं सांगितलं. तू पुस्तकासाठी तिच्याकडे गेली होतीस. आईनं शेवटच्या दिवसांत तुला ते सगळं सांगितलं होतं, आणि तू सायत्राबाईकडून ते खरं करून घेतलंस, आणि मग हात जोडून म्हणालीस की ताईंना कळू देऊ नका. सायत्राबाईनं कारण विचारलं, तेव्हा तू आईचेच शब्द सांगितलेस. आई तुला म्हणाली होती, "शकूले नोको सांगू. तिले पहिलीच राहू दे."

माझी आई मला ओळखत होती. मिलिंद झाला तेव्हा मी त्याला चिमटे काढायची, ताटात आधी मला वाढलं नाही तर जेवायची नाही, शाळेत दुसरा नंबर आला तर पाटी फोडली होती. असल्या पोरीला कोण सांगणार की तुझ्याआधी एक होती? ती जेवढे दिवस जगली तेवढे दिवस आईनं तिला पाहिलं, आणि नंतर मला पाहताना तिलाच पाहिलं असेल. ते ओझं तिनं माझ्या अंगावर येऊ दिलं नाही. तुझ्या अंगावर टाकलं.

आणि तू ते घेतलंस. तुझ्याकडे कारण होतं. नागपूरच्या प्राध्यापकांना एका वाक्यात गप्प करता येईल असं कारण होतं, आणि तू म्हणालीस लेखणी कमी पडली. एवढी मोठी गोष्ट हाती असलेली लेखिका ती पुस्तकात घालत नाही, हे मला कळत नाही. मी असते तर घातली असती. हिरामनला तू नायिकेच्या कुशीत घातलंस, म्हणजे कुणी पुढे विचारू नये. मग मी येऊन तुला बोलले, की मुलगी कापून मुलगा केलास. तू भात बघायला आत गेलीस. त्या वेळी आत चुलीपाशी उभी राहून तू काय केलंस, सुजाता? मला आता तेवढंच विचारायचं आहे, आणि तू सांगायला नाहीस.

दवाखान्यात तर तू मला ते पोरही देऊन टाकलंस. मला हवं होतं म्हणून. त्या पोराबद्दल पुस्तकात राखलेलं एकच खरं, तेही मोडून द्यायला तयार झालीस.

मी तुझे उपकार मानायला पाहिजेत, हे मला कळतं. मानतेही. पण खरं सांगू? सायत्राबाई उठून गेल्यावर मी तिथंच खरकट्या हंड्यांजवळ बसले आणि मला पहिल्यांदा रडू आलं ते त्या मुलीसाठी नाही, तुझ्यासाठीही नाही. आईनं ते तुला सांगितलं म्हणून आलं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती तुझ्या तेलाच्या हातापाशी गेली. मला सांभाळायचं म्हणून मला वगळलं. सांभाळलेल्या माणसाला आपण बाहेर आहोत हे कळलं की कसं वाटतं, त्याच्यावर तू लिहायला हवं होतंस. तुला ते जमलं असतं.

तुझा हेवा अजून गेलेला नाही. त्यात आता आणखी एकीची भर पडली आहे. तिचं तर नावही मला माहीत नाही. सायत्राबाईला आठवत नाही, तुला ठाऊक असणार.

परवा मिलिंदचा फोन आला. पुस्तक छपाईला द्यायचं आहे. तो म्हणाला, ताई, सुजाता सांगून गेली तसं मुलगी करायचं आहे, कुठं कुठं बदलायचं ते तू पाहून सांग. तुलेच ते नीट माहीत.

मी म्हटलं, काही बदलू नको. एक अक्षर बदलू नको. मुलगाच राहू दे.

"काऊन?" तो म्हणाला. "एवढे दिवस तर तूच भांडून राहिली होती. त्या दिवशी सगळ्या लोकांसमोर बोलली."

"मुलगाच होता रे. सायत्राबाईचा हिरामन होता तो."

"तुले कोनी सांगतलन?"

सायत्राबाईनं, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. सुजातानं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. मी म्हटलं, "मायनं."

तो म्हणाला, "मायनं? तुले? मले कधी नाही सांगतलन." त्याच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं; इतकी वर्षं तेच माझ्या आवाजात होतं. मी त्याला आणखी काही सांगितलं नाही.